कोरडी चाकं

सुंदरराव गुत्तेदार आपली मोटार स्वतःच्या हातानं धुवायचा. घरात चार गडी होते, दोन लाठीवाले होते, पण मोटारीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. गडी आडावरून पाणी शेंदून आणायचे, अंगणात बादल्या मांडायचे आणि दहा पावलं मागं सरून उभे राहायचे. मग हा धोतराचा काचा मारून, रिठ्याचं पाणी आणि चिंध्या घेऊन गाडीभोवती फिरायचा. पितळी दिवे चिंचेनं घासायचा. शेवटी उकिडवा बसून चारी चाकं धुवायचा. दिवस उगवल्यापासून ऊन अंगावर येईपर्यंत त्याचं हे चाले.

बाया म्हणायच्या, बायकोला कधी एवढ्या मायेनं हात लावला नसंल मेल्यानं. पुरुष म्हणायचे, हौस आहे माणसाला. हौस कसली डोंबलाची! भीती होती ती.

त्या काळात निजाम सरकार शिंदीच्या झाडांचा गुत्ता, म्हणजे मक्ता, द्यायचं. मांजरसुंब्याच्या पठारावर ओढ्याओढ्यानं उभी असलेली सगळी शिंदी सुंदररावाकडं होती. त्याच्याशिवाय कुणी शिंदी काढायची नाही, झाडाला कोयता लावायचा नाही. लावला की लाठीवाले आलेच. एकाचा डोळा फोडला होता, एकाचा गुडघा. एका म्हाताऱ्याला दोन दिवस झाडालाच बांधून ठेवलं होतं. अशा माणसाला वैरी किती असणार, ते सांगायला नको. एकदा कुणीतरी त्याच्या मोटारीच्या तेलात वाळू टाकली, तिचे कण झाकणावर राहिले. एकदा कुणीतरी सुकाणूखालचा नट ढिला करून ठेवला. दोन्ही त्याला धुतानाच सापडलं, कारण धुताना सगळी गाडी हाताखालून जाते. दुसऱ्यानं धुतलेली गाडी आपली नव्हे, असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. नट ढिला करणारा त्यानं आठ दिवसांत शोधून काढला आणि त्याची उजव्या हाताची बोटं त्याच पान्यानं ठेचली.

मी मुंजाजी सुतार. त्या मोटारीची चाकं माझ्या हातची. मोटार हैदराबादेहून कुणाची तरी वापरलेली आणलेली होती. लोखंडाचं एवढं मोठं धूड, पण चाकं लाकडाची, आपल्या बैलगाडीसारखीच. मधे तुंबा, त्यात बसवलेले बारा आरे, आऱ्यांवर गोल पुठे, आणि त्यावर लोखंडाच्या धावेऐवजी रबराची धाव, एवढाच काय तो फरक. वरून काळा रंग दिलेला, म्हणून लोकांना ते लोखंडच वाटायचं. आमच्या खडीच्या रस्त्यावर विलायती आरे एकेक करून तडकले, तेव्हा मी आणि माझा मुलगा म्हाळू यांनी बाभळीचे नवे तासून बसवले. म्हाळूचा हात माझ्याहून चांगला होता. बाप असून सांगतो, त्यानं बसवलेल्या आऱ्याच्या फटीत केस शिरत नसे.

माघात म्हाळूनं ओढ्यातलं एक शिंदीचं झाड तोडलं. वाळलेलं होतं, दोन वर्षं त्याला पान फुटलं नव्हतं. आमच्या गोठ्याचा वासा मोडला होता, तिथं घालायला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाठीवाल्यांनी त्याला मारत मारत सुंदररावाच्या अंगणात नेलं आणि मलाही बोलावून घेतलं. मोटार नुकतीच धुऊन झाली होती, अजून निथळत होती.

“मालक, वाळलेलं व्हतं,” म्हाळू म्हणाला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. “शिंदी निघत न्हवती त्यातून.”

“झाड कुणाचं बे?”

“तुमचं.”

“मग वाळलेलं बी माझंच.”

त्यांनी म्हाळूला पुढच्या चाकासमोर गुडघ्यांवर बसवलं. त्याचे दोन्ही हात आऱ्यांमधून कोपरापर्यंत आत घातले आणि पलीकडून मनगटं दोरीनं बांधली. मला अजून उमजलं नव्हतं. बंकट नावाच्या लाठीवाल्यानं माझी मान धरून ठेवली होती. सुंदरराव गड्यांना म्हणाला, “ढकला.”

मोटार हातभर पुढं गेली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी जन्मभर लाकूड मोडताना ऐकलंय, वाळलेलं लाकूड मोडतं तसाच आवाज होता तो. म्हाळूची किंकाळी त्यानंतर आली. मग सुंदरराव म्हणाला, “मागं घ्या,” आणि मोटार मागं घेताना तेच पुन्हा झालं. माझी सून केशर फाटकातून ओरडत आत शिरत होती. तिला दुसऱ्या लाठीवाल्यानं पोटात ढोसून बाहेर पाडलं.

दोरी सोडली तेव्हा म्हाळूचे हात कोपराखाली भलतीकडंच वळलेले होते. तो बाजूला पडला. सुंदररावानं बादली ओढली, उकिडवा बसला आणि चाक पुन्हा धुतलं. आऱ्यांवर चिकटलेलं रक्त त्यानं नखानं खरवडून काढलं. एकेक आरा हलवून पाहिला.

“मुंजाजी,” तो म्हणाला, “काम पक्कं हाय बे तुमचं. एक बी आरा हलला न्हाई.”

हाडवैद्यानं बांबूच्या काड्या बांधल्या. हाडं जुळली, पण वाकडी जुळली. बोटं मिटेनात. केशर त्याला भरवायची, त्याचं धोतर नेसवायची, पटका बांधायची. तो दारात बसून राहायचा. मी कामाला बसलो की माझ्या हातांकडं बघायचा. मला लाकूड तासायचा वाकस उचलवत नसे.

सुंदररावाला मारायचं हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. मारणं अवघड नव्हतं. वाकस घेऊन अंगणात जायचं आणि एक घाव घालायचा. पण मग लाठीवाल्यांनी माझं तर सोडाच, म्हाळूचं आणि केशरचंही खांडोळं केलं असतं. ती दोघं जिवंत राहून तो मरायला हवा होता. आणि मोटारीत काही करावं, तर तो रोज सकाळी तिच्या नटानटावरून हात फिरवणारा.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरून त्याचं धुणं बघत उभा होतो. तो मागचं चाक धुवत होता. पाणी आऱ्यांवरून ओघळून तुंब्यात मुरत होतं. आणि मला एकदम कळलं की हा माणूस जिवंत आहे तो या पाण्यावर.

ज्याच्या घरी बैलगाडी आहे त्याला हे सांगावं लागत नाही. चैत्र-वैशाखात लाकूड सुकतं, आकसतं, आरे तुंब्यात खुळखुळतात. म्हणून शेतकरी उन्हाळ्यात चाकं काढून नदीच्या डोहात टाकून ठेवतात. पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि चाक पुन्हा घट्ट होतं. सुंदररावाच्या घरी कधी बैलगाडी नव्हती. त्याचा बाप कचेरीत कारकून होता. त्याला इंजिन कळत होतं, लाकूड कळत नव्हतं. आपण रोज चाकांना पाणी पाजतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो फक्त चिखल काढत होता.

मी घरी जाऊन एका मोडक्या बैलगाडीचा कुजलेला आरा शोधला. तो घेऊन सुंदररावाच्या पायाशी जाऊन बसलो. आधी पोराच्या चुकीची माफी मागितली. हो, मागितली. जीभ झडली नाही.

“मालक, एक सांगायचं हाय. मोटारीच्या चाकाला पाणी लावू नका.”

“कावून?”

मी आरा पुढं केला. “फटीतून आत मुरतं. वरून चांगला दिसतो, आतून असा व्हतो. उन्हाळाभर कोरड्या फडक्यानं पुसा.”

त्यानं आऱ्याचं टोक नखानं टोकरलं. भुगा त्याच्या धोतरावर पडला. मी त्याच्या मोटारीला काही लावा म्हणालो असतो, तर त्यानं मला तिथंच तुडवलं असतं. पण काही लावू नका या सांगण्यात त्याला खोट कुठं दिसणार? आणि मार खाल्लेला माणूस नरम पडतो, यावर त्याचा फार भरवसा होता.

“शाणा हायेस,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो धुताना चारी चाकांवर गोणपाट टाकू लागला, वरचा एक थेंबही खाली उडू नये म्हणून. माझ्या म्हणण्यापेक्षा त्यानं जास्तच केलं. मी रोज जाऊन ते गोणपाट बघून यायचो आणि जेवण गोड लागायचं.

चैत्र सरता सरता आरे करकरायला लागले. मोटार आमच्या दारावरून जायची तेव्हा मला लांबूनच ऐकू यायचं. म्हाळू दारातच बसलेला असायचा. तो मान वर करायचा, मोटार वळणाआड जाईपर्यंत ऐकत राहायचा. मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. सुंदररावानं एकदा मला थांबवून विचारलं, “ह्ये काय वाजतंय बे?” मी म्हणालो, “लाकूड बसतंय मालक, नवं हाय.” त्यानं खाली उतरून चारी चाकांचे नट तपासले. नट घट्ट होते.

पण मोटार पडत नव्हती. पठारावर रस्ता सपाट, सपाटीला सुकलेलं चाकही रेटत राहतं. घाटाच्या वळणावर मात्र गाडीचा सगळा भार आऱ्यांवर आडवा येतो. तो उन्हाळ्याचा बीडला उतरतच नव्हता. मी वाट बघत होतो.

तो उतरला, पण ज्या कारणानं उतरला ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. केशर फाल्गुनात मला न विचारता पायी बीडला गेली होती. तिनं अदालतीत अर्ज दिला होता, माझ्या नवऱ्याचे हात मोडले म्हणून. असल्या अर्जाचं काय होणार, असं म्हणून मी विसरून गेलो. वैशाखात अदालतीचा शिपाई आला. म्हाळूनं येऊन बयान द्यावं, असा हुकूम होता.

त्या दिवशी सकाळी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी दाराची चौकट बसवत होतो. केशर धावत आली. पदर डोक्यावर नव्हता.

“मामा, त्यांना नेलं. मोटारीत घालून बीडला नेत्यात. झाडावरून पडून हात मोडले असं बयान द्यायला लावणार हायेत. चला. पळा तुमी!”

मी पळालो. साठीचा माणूस, पण पळालो.

अंगणात मोटार सुरू झालेली होती. सुकाणूवर सुंदरराव, शेजारी म्हाळू, मागं बंकट लाठी घेऊन. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“मालक, गाडी घाटात नेऊ नका. चाकं सुकलीत.”

“सुकलीत म्हंजी?”

“पाणी न्हाई त्यान्ला. म्या तुमाला खोटं—”

“बा!” म्हाळू ओरडला. माघापासून त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मग तो सुंदररावाकडं वळून अगदी शांतपणे म्हणाला, “मालक, म्हातारा भ्यालाय. म्या अदालतीत उलटं बोललो तर तुमी आमचं घर जाळताल असं वाटतंय त्याला. मला नेऊ नये म्हणून कायबी बरळतोय. म्या तुमी म्हणताल तेच बयान देतो. चला.”

सुंदरराव खाली उतरला. बंकटच्या हातची लाठी त्यानं घेतली आणि पहिला फटका माझ्या तोंडावर मारला. पुढचे दात तिथंच गेले. मी मोटारीच्या चाकावरच्या पत्र्याच्या पंख्यावर आपटलो, तिथून खाली पडलो, मग त्यानं बरगडीत लाथा घातल्या.

“तूच म्हणला पाणी नको. आता तूच म्हणतो पाणी पायजे. सुतार हायेस का सोंगाड्या बे?”

मग त्याला दिसलं की पंख्यावर माझं रक्त लागलंय. नुकतीच धुतलेली गाडी! तो चिंधी आणायला ओसरीकडं गेला. बंकट मागं पेंगुळल्यासारखा बसला होता. म्हाळू माझ्याकडं वाकला आणि हळूच म्हणाला, “बा, बाजूला सरा. आवाज मला बी येतोय. लई दिवसांपासून येतोय.”

पुढं मी काय केलं ते सांगतो. मी पुन्हा ओरडू शकलो असतो. चाकाखाली आडवा पडू शकलो असतो, मग मोटार निघालीच नसती. बंकटला सांगू शकलो असतो, त्याला तरी जीव प्यारा होता. मी सरपटत बाजूला सरलो. एखाद्या वेळी एवढी खेप चाक धरेल, असं मी मनाला सांगितलं. म्हाळू उडी मारेल, असंही सांगितलं. पण खरं ते खरं, मला तो घाट हवा होता. तोंडात रक्त होतं आणि मला तो घाट हवा होता.

सुंदररावानं रक्त पुसलं, चिंधी पिळून वाळत टाकली आणि मोटार काढली.

मी मागोमाग चालत गेलो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर बंकट रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. त्याच्या खांद्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो मला बघून लहान पोरासारखा रडायला लागला.

“मालक म्हणले, लई वाजतंय, थांबून बघू का,” तो म्हणाला. “तुमचा म्हाळू म्हणला, वाजू द्या मालक, सुताराचं पोर हाय मी, मला कळतंय. थांबलो तर अदालतीला उशीर व्हईल. मंग वळणावर चाकच बसलं. आरे सगळे बाहेर. म्या उडी टाकली.”

मोटार खाली दरीत उलटी पडली होती. तीन चाकं वर होती, चौथ्याचा नुसता तुंबा. मी झाडं धरत उतरलो. सुंदरराव पहिल्यांदा सापडला. सुकाणूचा दांडा त्याच्या छातीत घुसून मोडला होता, तरी तो जिवंत होता. तोंडातून फेस येत होता. त्यानं मला ओळखलं.

“नट,” तो म्हणाला. “कोणता नट ऱ्हायला?”

“नट न्हाई मालक,” मी म्हणालो. “पाणी ऱ्हायलं.”

त्याला कळलं. त्याचे डोळे मोठे झाले, हात माझ्या गळ्याकडं उचलला आणि अर्ध्यातच खाली पडला. त्या घटकेला मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. मी मोठ्यानं हसलो. तोंड फुटलेलं होतं तरी हसलो.

मग मी मोटारीच्या पलीकडं गेलो. म्हाळू खडकावर आदळून गाडीखाली सापडला होता. डोकं एका बाजूनं राहिलंच नव्हतं. गाडी उलटताना बंकटनं मागची दांडी धरली आणि सुटून उडी टाकली. म्हाळूला धरायला हात नव्हते. उडी टाकायची असती, तरी दार उघडायला बोटं नव्हती. हे मला सुताराला, बापाला, सकाळी कळायला हवं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत तो दांडा मीच तासला होता.

प्रेत बैलगाडीतून घरी आणलं. पोलिसांचे अमीनसाहेब बीडहून पंचनाम्याला आले. त्यांनी मला चाक दाखवलं आणि विचारलं, काय झालं? मी म्हणालो, वळण जोरात घेतलं. त्यांनी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केशर उंबऱ्याशी बसली होती. बांगड्या फोडलेले हात मोकळे. मी अंगणात होतो.

“माझ्या अर्जानं झालं,” ती म्हणाली. “म्या बीडला गेले नसते तर त्यांना कुणी नेलं नसतं.”

तिचं हे बोलणं मला ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं. कुजलेला आरा, गोणपाट, करकर, सगळं. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं, ती मला दगड घालील. घातला असता तर बरं झालं असतं.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पटका बांधताना त्यांनीच सांगितलं. म्हणले, बाचं काम आज पुरं व्हतंय, ह्या हातांनी जगून बी काय करू.”

“तुला ठावं व्हतं? मंग मला बलवायला कावून आलीस?”

“मालकाला सांगू नको म्हणून सोताची आन घातलती त्यांनी. मला वाटलं, तुमी बाप हाव. तुमी कसं बी करून अडवताल.”

दात नसलेल्या हिरड्या ठणकत होत्या.

“बंकट सांगत व्हता,” ती म्हणाली, “तुमी बाजूला सरलात.”

“सरलो,” मी म्हणालो.

तिनं उठून दाराला आतून कडी घातली. मी अंगणातच बसून होतो.